पायाखालची शिल्लक

"म्हणजे काकानू, जोरात वाजवूचा नाय, पण मशीन जोराचा व्हया?"

साउंडवाल्यानं हे विचारण्याआधी हातातली सोल्डरिंगची कांडी खाली ठेवली आणि माझ्यामागं कोणी घरचं माणूस आलंय का ते वाकून पाहिलं. कोणी आलेलं नव्हतं. अ‍ॅम्प्लिफायर बघायला जाताना घरच्या माणसाला बरोबर नेऊ नये, एवढी अक्कल एसटीच्या हिशेब खात्यात आयुष्य काढलेल्या कुणालाही असते.

"अगदी बरोबर," मी म्हटलं.

"मगे कमी वॉटचा घेवा. पैशे कित्याक घालवतास?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. वर उड्डाणपुलावरून एक ट्रक हॉर्न दाबून गोव्याकडं गेला. खालून एक रिक्षा टपावर कर्णा लावून रात्रीच्या दशावतारी नाटकाची जाहिरात करत गेली. या दोघांच्या मधे माझं उत्तर त्याला ऐकू आलंच नसतं. शिवाय चौक अप्पासाहेब पटवर्धनांच्या नावाचा. माणसाच्या गरजा किती कमी असू शकतात हे ज्यांनी इथंच, गोपुरी आश्रमात स्वतः राहून दाखवलं, त्यांच्या नावाच्या चौकात उभं राहून 200 वॉट मागायचे म्हणजे जीभ जरा जड होतेच.

मी हवाइयन गिटार वाजवतो. तरुणपणी लालबागला मामाकडं राहून शिकलो. गिटार मांडीवर आडवी घ्यायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या आणि डाव्या हातातली पोलादाची कांडी तारांवरून सरकवत न्यायची. एक सूर तुटून दुसरा लागत नाही, पहिलाच पाघळत पाघळत दुसऱ्यात जातो. वाडीतली पोरं मला 'इस्त्रीवाले काका' म्हणतात. लांबून बघणाऱ्याला तसंच दिसतं. आमच्या घरचं मत असं की इस्त्रीच घेतली असती तर निदान कपडे तरी झाले असते.

वाद्य घरंदाज आहे. हवाई बेटांवरच्या जोसेफ केकुकूनं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, शाळकरी वयात, गिटारच्या तारांवर पोलाद सरकवून पाहिलं, असं सांगतात. आपल्याकडं कोलकात्यानं ते डोक्यावर घेतलं. मुंबईत व्हॅन शिप्लींनी त्यावर सिनेमाची गाणी वाजवली, जोडीला अ‍ॅकॉर्डियनवर पुण्याचे इनॉक डॅनियल्स. रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मधे वेळ उरला की ही असली रेकॉर्ड लावत, आणि सूर ऐन रंगात आला की निवेदक मधेच घड्याळात किती वाजले ते सांगे. 1967 साली 'कॉल ऑफ द व्हॅली' ही रेकॉर्ड निघाली. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया आणि गिटारवर ब्रिजभूषण काबरा. पहिली दोन नावं आमच्या रिक्षावाल्यालाही ठाऊक आहेत. तिसरं मी सांगितल्यावर लोक "असा?" म्हणतात आणि विषय बदलतात. स्टील गिटारवाल्याच्या नशिबात हे असतंच.

याचं कारण वाद्याच्या अंगातच आहे. बाकीच्या वाद्यांची तोंडं लोकांकडं असतात, हिचं छपराकडं. माणसं समोर बसलेली आणि गाणं चाललंय कौलांना ऐकवत. म्हणून तर बाजारात आलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार उभी नव्हती, ही मांडीवरचीच होती. 1932 साली अमेरिकेत विक्रीला आली, सगळी अ‍ॅल्युमिनियमची, गोल बूड आणि लांब दांडा. लोकांनी तिला लाडानं तवाच म्हटलं. फोटो बघा, घावणे काढायचा मोह होईल. सांगायचा मुद्दा, जगातली सगळी इलेक्ट्रिक गिटारबाजी, पोरांच्या कानठळ्या आणि बापांचा संताप, ही सगळी आमच्या या तव्यापासून सुरू झाली, ते सुद्धा कुणाला ऐकू जात नव्हतं म्हणून.

अमेरिकेत हे वाद्य पुढं मांडीवरून उतरलं आणि स्वतःच्या चार पायांवर उभं राहिलं. त्याला पेडल स्टील म्हणतात. दहा तारा, तीन पेडल, गुडघ्यांनी ढकलायचे चार-पाच खटके आणि उजव्या पायाखाली आवाज कमीजास्त करायचं आणखी एक पेडल. पायानं वाद्य चालवण्याचं आम्हाला काही नवल नाही, दशावतारातला पायपेटीवाला रात्रभर तेच करतो. पण हा माणूस दोन हात, दोन पाय, दोन गुडघे सगळ्यांनी कामाला लागलेला. मोकळं असतं ते फक्त तोंड, आणि ते तो अ‍ॅम्प्लिफायर किती मोठा असावा यावर चालवतो.

माझा भाचा टेक्सासला असतो. एकदा सुट्टीला येताना त्यानं मला त्यातलं आवाजाचं पेडल तेवढं आणून दिलं. "मामा, तुमच्या गिटारला पण लागतं हे." तिथं माझी वाताहत सुरू झाली.

त्या पेडलचं काम असं. तार छेडली की सूर लगेच उतरणीला लागतो. पेटीचा भाता चालू आहे तोवर सूर चालू, बासरीचा श्वास आहे तोवर. तारेला तसं काही नाही, छेडली त्या क्षणी जे दिलं ते दिलं. मग वादक काय करतो, सुरुवातीला पाय मागं धरतो आणि सूर जसजसा खचेल तसतसा पाय हळूहळू दाबत नेतो. ऐकणाऱ्याला वाटतं, सूर थांबलाच नाही. आता यात मेख आहे. पाय निम्म्यावर असतानाच सगळ्यांना स्वच्छ ऐकू आलं पाहिजे, म्हणजे उरलेला निम्मा शेपटासाठी शिल्लक राहतो. लहान अ‍ॅम्प्लिफायर घेतला की ऐकू यावं म्हणून पाय पहिल्यापासूनच तळाला. मग पहिल्याच छेडीला आवाज फाटतो आणि शेवटाला द्यायला हातात काही नाही, पायात तर नाहीच. रॉकवाल्यांना फाटलेला आवाज चालतो, ते मुद्दाम फाडतात. आमचे तीन सूर एकदम सरकत असताना फाटले की गल्लीतली कुत्री उठतात.

थोडक्यात, हळू वाजवता यावं म्हणून मोठं मशीन हवं. हे वाक्य मी साउंडवाल्याला बोललो, बायकोला बोललो, भजनाच्या बुवांना बोललो. तिघांनी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी माझ्याकडं एकसारखंच पाहिलं.

पुढच्या दुकानात एक पोरगा होता. त्यानं लगेच खोका आणला. काळा स्पीकर, कडेनं निळे-जांभळे दिवे, वर ठळक अक्षरात 5000 वॉट आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरात पीएमपीओ. मी खोका उलटा केला. हिशेब खात्यातला माणूस कुठलाही कागद आधी मागून वाचतो. मागं अडॅप्टरची चिठ्ठी होती, 12 व्होल्ट, 2 अँपिअर. बारा दुणे चोवीस.

"अरे, भिंतीतून चोवीस वॉट घेतो आणि पाच हजार देतो? बाकीचे कुठून आणतो?"

पोरगा गोंधळला नाही. "काकानू, सगळे वॉट एकदम खंय लागतत?"

त्याचं उत्तर मला नंतर पटलं. पीएमपीओ म्हणजे एका निमिषापुरता, कागदोपत्री, सगळं जमून आलं तर निघू शकेल असा आवाज. आमच्याकडं निवडणुकीच्या आधी जी आश्वासनं येतात त्यांना कुठलं एकक लावायचं हा प्रश्न माझ्यापुरता सुटला. पण अमेरिकेतलेही काही फार सोवळे नाहीत. स्टील गिटारवाल्यांचा लाडका एक अ‍ॅम्प्लिफायर सत्तरच्या दशकात निघाला, पीव्ही कंपनीचा 'सेशन 400'. ताकद 200 वॉट. नाव 400चं आहे एवढंच. पण ते 200 खरे, आणि स्पीकर पंधरा इंची.

त्या रात्री मी वहीत हिशेब मांडला आणि मला आवाजाच्या जगातली लबाडी कळली. वॉट दुप्पट केले तर आवाज वाढतो फक्त 3 डेसिबल. म्हणजे कान देऊन ऐकलं तर "हं, वाढला वाटतं" इतपत. आवाज खरोखर दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण 10 डेसिबल वाढावे लागतात आणि त्याला वॉट लागतात दसपट. माझ्याकडं 20 वॉटचा एक जुना डबा होता. त्याच्या दुप्पट ऐकू येण्यासाठी 200 वॉट. पैसे दहापट मोजायचे आणि पदरात दुप्पट. एसटीत असताना ऑडिटला हे दाखवलं असतं तर माझी बदली गडचिरोलीला झाली असती.

शेवटी मुंबईला गेलो. लॅमिंग्टन रोडवर दोन दिवस फिरलो. आता त्याला डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणतात, पण त्या नावानं विचारलं तर दुकानदार पत्ता सांगतात आणि किंमत वाढवतात. तिथल्या एका ओळखीतून ऑर्केस्ट्रातल्या एका निवृत्त वादकाचा जुना अ‍ॅम्प्लिफायर मिळाला. 200 वॉट, पंधरा इंची स्पीकर, वर कोपऱ्यांना पत्रे ठोकलेले. दोघांनी उचलावा लागतो. त्या गृहस्थानं तो देताना त्याच्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "कंबर सांभाळा." माझी की त्याची, ते विचारायचं राहून गेलं.

गणपतीच्या आधीच्या गाडीत हा डबा चढवणं हे एक स्वतंत्र प्रकरण आहे. चाकरमान्यांनी भरलेल्या डब्यात जागा ही अशी गोष्ट नसतेच, पण पनवेल यायच्या आत माझ्या अ‍ॅम्प्लिफायरवर तीन माणसं बसलेली होती. एकानं आदरानं विचारलं, "गणपतीचो पाट काय?" रत्नागिरीच्या अलीकडं करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागला आणि नेमका तेव्हाच मंडळींनी गजर धरला. चार झांजा, एक डबा बडवणारा, आणि बोगद्याच्या भिंतीवरून परत येणारा गाडीचा धडधडाट. माझे 200 वॉट तीन जणांच्या बुडाखाली मुकाट बसले होते. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

घरी बायकोनं दारातच गाठलं. "घरात बसूक जागा नाय, हो डबो खंय ठेवतलास?" मी म्हटलं, बसायलाच आणलाय, गाडीत तिघं बसले होते. ते तिला आवडलं नाही. मग मी कायद्याकडं वळलो. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम आहेत. वस्तीत दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. मी त्याच्या आतच राहीन, असं तिला समजावलं. आता साधं बोलणं हातभर अंतरावरून 60च्या आसपास जातं, आणि तेही शहरगावचं. मालवणी मुलखात दोन बायका विहिरीवर प्रेमानं बोलत असल्या तरी कायदा मोडतो. आमचा तो संवाद किती डेसिबलचा झाला हे शेजाऱ्यांना विचारा.

आणि मग गुणगुण. प्लग लावला, बटण दाबलं, आणि गिटारला हात लावायच्या आधीच डबा 'ऊंऽऽऽ' करू लागला. आपल्या विजेची लहर सेकंदाला 50 हेलकावे खाते. अर्थिंग यथातथा असलं की ती गिटारच्या तारगुंडीतून आत शिरते आणि 50च्या, 100च्या पटीत गुणगुणायला लागते. तालमीला आलेले बुवा ओट्यावर चपला काढता काढता थांबले.

"तानपुरो बरो लागलो हा," ते म्हणाले. "जरा काळी चारात घेवा."

मी सांगितलं की हा तानपुरा नाही, लाइट आहे. बुवांनी पेटी पुढं ओढली आणि सूर शोधू लागले. पांढरी पाच दाबली, खाली राहिली. काळी चार दाबली, वर गेली. पुन्हा पांढरी पाच. शंभर हेलकाव्यांचा सूर या दोन पट्ट्यांच्या मधे पडतो, तिथं पेटीला पट्टी नाही. बुवांनी चष्मा काढून पेटीकडं पाहिलं. चाळीस वर्षांत त्यांना पेटीनं असा दगा दिला नव्हता. दुसऱ्या दिवशी वायरमननं अंगणात खड्डा खणून नवं अर्थिंग केलं, त्यात मीठ-कोळसा भरला, आणि गुणगुण गेली. बुवा मात्र हळहळले. म्हणाले, "होतो तसो बरो होतो, गळो कायम चढो रवलो असतो."

पाचव्या दिवशी रात्री वाडीत एका घरी भजन. खळ्यात मंडप, आत गणपती, वर माटवी लगडलेली. तवशी, नारळ, सुपारीचे घोस, तेरडा, हरणं आणि लालभडक कवंडळं. डबा चौघांनी उचलून आणला, गणपतीच्या आधी त्यालाच लोकांनी बघून घेतलं. बुवा मधे, पखवाजवाला उजवीकडं, मी डावीकडं, आणि मागं झिलकरी. झिलकऱ्यांत झांजवाले पहिल्यांदा सहा होते, गजराला येईपर्यंत मोजदाद सुटली. ज्याला ज्याला वाटीभर उसळ मिळाली त्याला त्याला आपण झांज वाजवावी असं वाटू लागलं.

झांजेविषयी माझं मत मी स्पष्ट सांगतो. तिला वॉट नाहीत, प्लग नाही, फ्यूज नाही, आणि माणसाचा कान ज्या पट्टीत सगळ्यात तिखट असतो, दोन ते पाच हजार हेलकाव्यांच्या, नेमकी तिथं ती बोंब मारते. एक झांज दोन केल्या की 3 डेसिबल वाढतात, हा हिशेब तिलाही लागू आहे, पण तिथं दुपटीला खर्च शून्य. जगात असा अ‍ॅम्प्लिफायर निघायचा आहे जो भादव्यातल्या उसळ खाल्लेल्या झिलकऱ्याला पुरून उरेल. लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करायचा, सणावाराला सरकारनं सूट दिली तर बाराला, आणि तीही वर्षात फार तर पंधरा दिवस. झांजेला हा नियम सांगायला जाणारा हवालदार अजून जन्माला यायचा आहे.

गजर संपला तेव्हा घामानं निथळत बुवांनी मला विचारलं, "तुम्ही सुरू केल्यात काय?"

मी पाऊण तास वाजवत होतो.

मग अभंग आला, संथ. पखवाज खाली उतरला, झांजवाले चहाला गेले. बुवांनी एक ओळ घेतली आणि मला खूण केली. मी तार छेडली. पाय निम्म्यावर. सूर मंडपभर पसरला, कुठंही न फाटता. तो खचायला लागला तसा मी पाय दाबत नेला, हळूहळू, टाचेवरून चवड्यावर. सूर तसाच. माणसं गप्प झाली. आणखी दाबला. अजून शिल्लक होती. पंधरा इंची स्पीकरनं खालचा षड्ज धरला होता, तो जमिनीतून चढून मंडपाच्या वाशांत गेलेला मला पायाला कळत होता. एवढ्यात मागच्या काळोखातून आवाज आला,

"आता गियर बदला!"

शेजारचे ड्रायव्हरमामा. एसटीवर अठ्ठावीस वर्षं, त्यातली बरीच फोंडा घाटात. सगळे हसले, पण मामा हसले नव्हते, त्यांचा उजवा पाय बसल्या जागी खाली दाबलेला होता. आणि तेवढ्यात माटवीतलं एक कवंडळ, बहुधा त्या षड्जानं सैल होऊन, सुटलं ते थेट बुवांच्या पेटीवर. पेटीनं काळी चार दिली.

घरी परतताना मामा बरोबर होते. रस्त्यावर बेडूक ओरडत होते, त्यांनाही वॉट लागत नाहीत. मामा म्हणाले, "मी बघी होतंय तुमच्या पायाक. चढणीक गाडी घातली की पाय अर्ध्यावर व्हयो. चढण जशी वाढात तसो दाबूचो. पयल्या वळणाक तळाक लागलो तर दाजीपूर दिसाचा नाय."

"म्हणूनच मोठं इंजिन," मी म्हटलं.

"मगे! बारक्या गाडयेत जोरात जाणा सोपा. हळू चढणा कठीण."

पावणेदोन वर्षं मी ज्याच्यासाठी वही भरली ते मामांनी पावसात भिजत, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी घालून सांगितलं. मी त्यांना घरी नेऊन डब्यावर बसवलं आणि चहा दिला.

परवा बुवा येऊन गेले. औंदा डबलबारी आहे, समोरची पार्टी मोठी आहे, साउंड भाड्यानं घ्यायला परवडत नाही. बुवा ओट्यावर बसून इकडचं तिकडचं बोलले, माझ्या कमरेची चौकशी केली, भाच्याची केली. मग सुपारी कातरत म्हणाले,

"अण्णानू, औंदा तो तुमचो डबो हाडशात मा? पेटी न् माझो आवाज त्याच्यार बरो लागतलो."

"आणतो की."

"चार पोरगे पाठयतंय उचलूक." त्यांनी सुपारी तोंडात टाकली, जरा वेळ चघळली. "गिटार नाय हाडलास तरी चलात."